आंब्याच्या पेटीतला पेंढा

ही गोष्ट दोन हजार चोवीसच्या मे महिन्यातली. त्या दिवशी मतदान होतं, म्हणून तारीखही लक्षात आहे, वीस मे. बोटाला शाई लावून मी घरी आले, पाणी प्यायले, तोच रघुवीर दारात येऊन उभा राहिला. हातात चहाचा कागदी कप. कपात कापसाचा बोळा आणि बोळ्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढी, करड्या रंगाची, फुगलेली गोचीड.

"मीराकाकी, ही दिशाच्या कानामागून काढली," तो म्हणाला. "आत्ता. चिकटून बसली होती."

दिशा ही त्याची सहा वर्षांची नात. सुट्टीत रोज दुपारी आमच्याकडे मांजरीशी खेळायला यायची.

"तुमच्या मांजरीची आहे."

"तिच्यावर माझ्या मांजरीचं नाव लिहिलंय का रे?" मी म्हटलं.

तो हसला नाही. लहानपणी हसायचा. आमच्या लालबागच्या चाळीत हा रघुवीर खोली नंबर एकोणीसमध्ये वाढला. उघडा, नाक वाहतंय, हातात पोळीचा तुकडा, असा मी त्याला पाहिला आहे. आता चाळ गेली, तिच्या जागी बावीस मजले उभे राहिले, आणि आम्हा जुन्या भाडेकरूंना त्यातच घरं मिळाली. मला चौदावा मजला. रघुवीरला सोळावा, आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद. त्या पदाबरोबर त्याच्या आवाजात एक सरकारी थंडपणा आला. तो कुठून येतो मला माहीत नाही. विमा कंपनीत तीस वर्षं काढली म्हणून असेल.

मी मांजरीला मांडीवर घेतलं. तिचं नाव मांदेली. रंग अगदी तळलेल्या मांदेलीसारखा, म्हणून. मान चाचपली, काखेत बोट घातलं, आणि माझा हात थांबला. रघुवीरसमोर एक निघाली, मग दुसरी. त्याच्यासमोर मी सात काढल्या, बोटांनी, आणि नखांवर चिरडल्या. आमच्या लहानपणी बैलांच्या गोचिडी आम्ही अशाच काढायचो.

"बघा," तो म्हणाला. "मी काय म्हणत होतो?"

"अरे, पण ही घराबाहेर जात नाही. चौदाव्या मजल्यावरून जाणार कुठे?"

"मग आल्या कुठून? हवेतून? काकी, पेपर वाचता की नाही? सिंधुदुर्गात गोचिडीच्या तापानं माणसं आजारी पडतात. माकडताप म्हणतात त्याला. उद्या माझ्या नातीला काही झालं म्हणजे? मांजर इमारतीत ठेवायची की नाही, हा प्रश्न मला कमिटीत घ्यावा लागेल."

त्याचा स्वतःचा कुत्रा, ब्रूनो, दिवसातून तीन वेळा खाली जातो, गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याची चौकशी करून वर येतो. त्याच्याबद्दल प्रश्न नाही. माझी मांजर मात्र कमिटीत. मला राग आला, आणि रागाबरोबर भीतीही वाटली. त्या भीतीत मी जे बोलले ते आजही कानात आहे.

"घराबाहेर ती जातच नाही रे," मी म्हटलं. "फक्त जाईबाई आली की तेवढी पॅसेजमध्ये जाते, तिच्या पाटीपाशी."

रघुवीर थांबला. "जाईबाईच्या पाटीपाशी," तो म्हणाला, आणि कप घेऊन निघून गेला.

जाईबाई कोण, ते सांगायला हवं. जाईबाई माझगावची कोळीण. पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी घ्यायची, आणि साडेनऊच्या सुमाराला आमच्या चाळीत यायची. बेचाळीस वर्षं. ब्याऐंशी सालच्या संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा ती नवीन नवीन यायला लागली होती. कुणाच्या घरी चूल पेटणार नाही ते तिला जिना चढतानाच कळायचं. अशा घराच्या उंबऱ्यावर ती मूठभर करंदी, बारीक कोळंबी, ठेवून पुढे जायची, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरची बाई त्याबद्दल बोलली तर शिवी द्यायची. रघुवीरच्या आईच्या उंबऱ्यावर कितीदा ठेवली असेल. चाळ पडली तेव्हा आम्ही चार वर्षं संक्रमण शिबिरात राहिलो. ती तिथेही आली. नव्या इमारतीत आल्यावर तिला मागच्या लिफ्टनं यायला सांगितलं. "मढं न्यायची लिफ्ट काय गो ही?" एवढंच ती म्हणाली, आणि त्या लिफ्टनं यायला लागली.

मांदेलीही तिनंच आणलेली. धक्क्यावर बर्फाच्या पेट्यांमागे सापडलेलं पिल्लू, मुठीएवढं. "घे गो मीरा," म्हणाली, "तुझा म्हातारा गेल्यापासून घरात कोण भांडायला नाय तुला."

पाच दिवसांनी, शनिवारी सकाळी, लिफ्टच्या बाजूला नोटीस लागली. माझी सून मेघना कामाला जाताना तिचा फोटो काढून ठेवून गेली. तो अजून आहे. "इमारतीत गोचिडींचा प्रादुर्भाव आढळला आहे. चौदाव्या मजल्यावरील रहिवाशांनी दिलेल्या माहितीनुसार सदर गोचिडी मासेविक्रेती जाईबाई यांच्या पाटीतून येत असल्याने त्यांना आवारात प्रवेश बंद करण्यात येत आहे. रविवार दोन जूनच्या सभेत याबाबत कायम ठराव घेण्यात येईल."

चौदाव्या मजल्यावरील रहिवासी म्हणजे मी.

मी तशीच खाली ऑफिसात गेले. रघुवीर टेबलाशी बसला होता.

"मी असं सांगितलं नव्हतं."

"काकी, या, बसा." त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. कॅमेऱ्यातलं चित्र होतं. आमचा पॅसेज, जाईबाई भिंतीला टेकून बसलेली, आणि मांदेली चारही पाय घेऊन पाटीत शिरलेली. "हे बघा. मांजर पाटीत बसलीय. ती पाटी दिवसभर कुठे कुठे टेकते, माहीत आहे? गटाराजवळ, कुत्र्यांच्या मधे. आणि तुम्ही स्वतः म्हणालात."

"मी म्हणाले ती पाटीपाशी जाते. पाटीतून गोचिडी येतात असं म्हणाले का?"

"अर्थ तोच ना? आता हायजीनचा जमाना आहे काकी. चाळ नाही राहिली ही."

"चाळ असताना तिच्या करंदीवर वाढलास तू."

"ते वेगळं," तो म्हणाला. मग त्यानं ड्रॉवरमधून एक नळकांडी काढली आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, "हे घ्या. ब्रूनोचं औषध आहे. मानेवर चार थेंब सोडा. दोन दिवसांत साफ."

ती नळी मी घेतली. रागावलेली असले तरी औषध टाकून द्यायचा स्वभाव नाही माझा. पदर खोचून, मांदेलीला पंच्यात गुंडाळून, मी नळीचं टोक कापणार, इतक्यात मेघना कामावरून आली. तिनं नळी हातातून घेतली, मोबाइलनं अक्षरं मोठी केली आणि मला दाखवली. एका कोपऱ्यात मांजराचं चित्र, त्यावर फुली.

"आई, हे मांजराला लावलं तर ती तडफडून मरेल. झटके येतात. कुत्र्याला चालतं ते हिला चालत नाही."

"मग तो दीडशहाणा मला कशाला देतो?"

"त्यानं वाचलं नसेल."

नोटीस लिहायला वेळ आहे, नळीवरची ओळ वाचायला नाही. मी ती नळी पेपरात गुंडाळून त्याच्या दाराच्या कडीला लटकवून आले.

सोमवारी मांदेलीनं फ्रिजमध्ये ठेवलेल्या बांगड्याच्या डोक्याकडे पाठ फिरवली. पाठ फिरवली म्हणजे काय, ते मांजर पाळणाऱ्यालाच कळेल. खाटेखाली गेली ती आलीच नाही. अंग तापलेलं, लघवी चहासारखी. मंगळवारी तिचा ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्या, जुन्या भिंतीसारख्या. मी मेघनाला म्हटलं, आता घरचं पुरे. दोघी तिला प्लॅस्टिकच्या टोपलीत घालून परळच्या जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण मुलगी होती, अक्षदा नाव. केस घट्ट बांधलेले, हातावर ओरखडेच ओरखडे. तिनं मांदेलीचं कानशील, काखा, बोटांच्या बेचक्या तपासल्या आणि चिमट्यानं आणखी चार गोचिडी काढल्या. कातडीला लागून पकडायची, सरळ ओढायची, आणि स्पिरिटच्या बाटलीत.

"तुम्ही कशा काढल्यात आजी?"

"बोटांनी. नखावर चिरडल्या."

"आता चिरडू नका. तिच्या पोटात जे असतं ते तुमच्या बोटावर येतं. रॉकेल, तंबाखूचं पाणी, असलं काही लावलंत का?"

"रॉकेल मिळतं कुठे हल्ली," मी म्हटलं. मिळालं असतं तर लावलं असतं, हे तिला कळलं. ती हसली.

रक्त काढलं, काचेवर घेतलं, आत गेली. तासाभरानं बाहेर आली तेव्हा हसत नव्हती. रक्तातल्या लाल पेशींना लागणारा जंतू होता. गोचिडीच्या चाव्यातून जातो, म्हणाली, आणि मांजराचं रक्त आतल्या आत फुटत राहतं. आठ दिवस आधी आणलं असतं तर सोपं होतं. आता बघू.

"डॉक्टर, आमच्या शेजारच्या मुलीलाही चिकटली होती एक."

"मांजरीचा हा आजार तिला होणार नाही. पण गोचिडीचे माणसांचे वेगळे ताप असतात. दोनतीन आठवडे लक्ष ठेवायला सांगा. ताप आला, अंगावर पुरळ आलं, तर डॉक्टरांना गोचीड चावली होती हे आवर्जून सांगायचं. बहुतेक वेळा काही होत नाही. पण सांगायचं."

मग मी तिला तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी अर्धी तिथे आले होते. "मासेवालीच्या पाटीतून येतात का हो गोचिडी?"

"माशांच्या पाटीतून?" तिनं मान वर केली. "बर्फ, खारं पाणी आणि मेलेला मासा. गोचीड तिथे करेल काय? तिला गरम रक्ताचं जनावर लागतं. शिवाय ही बघा." तिनं बाटली उजेडात धरली. "शहरातल्या कुत्र्यांवर एक तपकिरी जात असते, रोज बघते मी. ही तशी वाटत नाही. गुरांमधे असते तशी दिसतेय. तुमच्याकडे कुणी गावाहून आलं होतं का? गाय, बकरी, काही?"

"चौदाव्या मजल्यावर गाय कुठली?" मी म्हटलं.

खरं सांगते, मला त्या वेळी फार आनंद झाला. जाईबाई सुटली, आणि रघुवीरच्या तोंडावर मारायला माझ्या हातात डॉक्टरचं वाक्य आलं. टॅक्सीत मी ते मनात दहा वेळा म्हणून पाहिलं.

घरी आले. मांदेलीला झोपवायला तिची पेटी ओढली. आणि पेटीवर हात ठेवून तशीच बसून राहिले.

ती आंब्याची पेटी होती, लाकडी फळ्यांची.

आमच्या चाळीत पद्धत होती. उन्हाळ्यात गावाहून पेट्या यायच्या, आंबे पेंढ्यात पिकायचे, आणि पेटी रिकामी झाली की ती पेंढ्यासकट मजल्यावरच्या मांजरीला. प्रत्येक मजल्याची एक मांजर, आणि मे महिन्यात प्रत्येकीचं बाळंतपण हापूसच्या पेटीत. पिल्लांना आंब्याचा वास यायचा. हल्ली आंबे पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात, कागदाच्या चिंध्यांत. दोन वर्षं तसले आंबे खाल्ल्यावर मी माझ्या भाच्याला, देवगडच्या आनंदाला, फोनवर फैलावर घेतलं होतं. "मला पेंढ्यातलेच पाठव. लाकडी पेटीत. नाहीतर पाठवूच नकोस." एप्रिलच्या शेवटी त्यानं तशी पेटी पाठवली. पेटी उघडल्याबरोबर घरभर माझ्या माहेरचा वास पसरला. मी मेघनाला हाक मारून वास घ्यायला लावला होता. आंबे संपले आणि पेटी मांदेलीला दिली.

मी आमच्या ह्यांचं जुनं पांढरं धोतर काढलं, मोरीत पसरलं, आणि पेंढा त्यावर झाडला. आधी काही दिसलं नाही. मग धोतरावर तिळाएवढे ठिपके चालायला लागले. आठ पायांनी, घाई नसल्यासारखे.

आनंदाला फोन लावला.

"पेंढा कुठला भरला होतास रे?"

"आत्ये, आता शेती करता कोण हय? गवत गावताच खंय?" तो म्हणाला. "तू ऐकूकच तयार नाय व्हतस. मगे बाजूच्या बाबल्याच्या गोठ्यातला हाडलंय. वासरू बांधता थंय कोपऱ्यात पडलेला व्हता, गेल्या वर्षाचा. कित्याक? आंबे खराब निघाले काय?"

"नाही. आंबे चांगले होते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पूर्वी खळ्यावरचा ताजा, उन्हात कडक वाळलेला पेंढा यायचा. हा वर्षभर वासराच्या शेजारी पडलेला. आनंदावर तरी कसं रागवायचं? हट्ट माझा होता.

धोतर मी उकळत्या पाण्यात घातलं. पेंढा काळ्या पिशवीत घट्ट बांधला, पेटी खाली पाठवून फोडायला सांगितली. आणि कुणाला काही बोलले नाही. मेघनालाही नाही. मंगळवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंत. हे लिहायला मला आवडत नाही. रघुवीरवर दात खात होते, नोटिशीसमोरून जाताना तिच्याकडे बघून पुटपुटत होते, आणि काळी पिशवी कचऱ्याच्या गाडीत जाताना खिडकीतून पाहत होते. मनाला सांगत होते, डॉक्टरनं पाटीतून येत नाहीत म्हटलंय ना, तेवढं सभेत सांगू, पुरे. कुठून आल्या हे कशाला?

जाईबाई त्या दिवसांत गेटच्या बाहेर, पानाच्या टपरीशेजारी बसत होती. मेघनानं सांगितलं. मी खाली गेले नाही, गुडघे दुखत होते. तसे ते रोजच दुखतात.

मांदेलीला मात्र औषध चालू होतं. एकवीस दिवसांच्या गोळ्या, आणि प्रत्येक गोळीमागून पिचकारीनं पाणी, नाहीतर गोळी नरड्यात अडकून आतून भाजते, असं डॉक्टरनं बजावलं होतं. शनिवारी दुपारी तिनं पहिल्यांदा चमचाभर माशाचं पाणी चाटलं. चाटून झाल्यावर उठली, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेली आणि पॅसेजकडे तोंड करून बसली. साडेनऊ कधीच वाजून गेले होते. ती बसून राहिली.

रविवारी सभा झाली. तळमजल्याच्या हॉलमध्ये पन्नाससाठ माणसं, निम्मी जुनी, निम्मी वरच्या मजल्यांवर नव्यानं घर घेतलेली. रघुवीरनं माइक हातात घेतला. हॉल एवढा लहान की चाळीत तो गॅलरीतून हाक मारायचा त्या आवाजातही ऐकू गेलं असतं.

"विषय क्रमांक दोन. मासेविक्रेती जाईबाई यांना कायम प्रवेशबंदी. मीराकाकींच्या माहितीवरून..."

"मीराकाकी उभी आहे," मी म्हटलं. "तिला बोलू दे."

"काकी, बसून बोला."

"उभीच बरी." मी डॉक्टरनं सांगितलेलं सांगितलं. बर्फ, खारं पाणी, मेलेला मासा. मागून कुणीतरी हसलं.

"बरं, मान्य," रघुवीर म्हणाला. "मग आल्या कुठून? ते सांगा. नाहीतर शंका राहतेच ना."

त्याचं बरोबर होतं. तोच तर प्रश्न होता. शंका राहिली असती, आणि ती जाईबाईच्या पाटीवरच राहिली असती.

"माझ्या घरातून," मी म्हटलं. "गावाहून मी हट्टानं पेंढ्यातले आंबे मागवले. पेंढा गोठ्यातला निघाला. पेटी मांजरीला दिली. गोचिडी त्यात होत्या. मंगळवारी मला कळलं, आणि आज रविवार आहे. इतके दिवस मी गप्प बसले."

मेघना माझ्याकडे वळून बघत होती.

"काकी, मग बंदी तुमच्यावर घालायची का?" वरच्या मजल्यावरचा प्रितेश म्हणाला. चांगला मुलगा आहे, चेष्टेनं म्हणाला.

"घाला. पण एक सांगा. माझ्या दारात गोचीड सापडली तेव्हा मला बसायला खुर्ची दिली, कॅमेरा दाखवला, औषधाची नळी दिली. चुकीची दिली, पण दिली. जाईबाईला काय दिलंत? तिला एका माणसानं खाली जाऊन विचारलं का? बेचाळीस वर्षं ती या उंबऱ्यांवर येते. तुमच्यातल्या अर्ध्यांना तिनं बारशापासून पाहिलंय. तिच्याबद्दल शंका घ्यायला तुम्हाला पाच दिवस लागले, आणि मला एक वाक्य."

रघुवीर खाली बघत होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "गैरसमज झाला असं लिहू. नोटीस काढून टाकू."

"गैरसमज नाही. जाईबाईचा काही संबंध नव्हता, असं लिही. नाव घालून."

"मिनिट्समध्ये नावं घालत नाहीत काकी."

"नोटिशीत घातलं होतंस."

त्यानं लिहिलं. मी चष्मा लावून वाचून घेतलं, आणि 'मासेविक्रेती' शब्दाच्या पुढे 'श्रीमती' घालायला लावलं.

सोमवारी साडेनवाला मी खाली गेले. जाईबाई टपरीशेजारी बसली होती, पाटीवर ओलं फडकं. मी समोरच्या पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पेंढा, धोतर, सभा. ती पापलेटावर पाणी शिंपडत ऐकत होती.

"वर ये," मी म्हटलं. "आता कोणी अडवणार नाही."

"गोचिडी तुझ्या पेंढ्यातल्या. बरं झालं, कळलं," ती म्हणाली. "पण मना सांग मीरा, माझं नाव पहिलं कोणाच्या तोंडातून गेलं?"

"माझ्या."

"वॉचमन मना हात लावून बाहेर काढत होता. मी त्याला सांगत होते, अरं, मीराला विचार, चौदाव्या मजल्यावरची, ती सांगंल मी कोण ती." तिनं फडकं पिळलं. "तो म्हणाला, तिनंच सांगितलंय."

ती माझ्याकडे बघत नव्हती. पाटीच्या कोपऱ्यातून तिनं एक लहान पुडकं काढलं.

"बांगड्याची डोकी आहेत. आठ दिवस बांधून ठेवते, कोण न्यायला येत नाय म्हणून कुत्र्यांना घालते. उकडून दे तिला, कच्चं नको." पुडकं तिनं माझ्या हातात ठेवलं. "मी आता वर येणार नाय. पाय पण थकलेत. ज्याला मासळी पायजे तो खाली उतरंल."

"जाई."

"तुला वेगळा भाव लावणार नाय, घाबरू नको," ती म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्यानंतर ती खरंच एकदाही वर आली नाही. रघुवीरनं स्वतः जाऊन सांगितलं, पुढची लिफ्ट वापरा म्हणाला, तरी नाही. वर्षभर टपरीशेजारी बसली. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि आता तिची सून गुणवंती पाटी घेऊन येते. गुणवंती वर येते, पुढच्या लिफ्टनं येते, आणि कुणी काही म्हणत नाही. जाईबाई माझगावला घरी असते. दिवाळीत मी फराळ घेऊन गेले होते. तिनं चहा केला. जुन्या गोष्टी खूप झाल्या, ही सोडून.

दिशाला काहीही झालं नाही. रघुवीरनं तीन आठवडे रोज तिचं तापमान वहीत लिहिलं. आता ती दुसरीत आहे आणि ब्रूनोच्या कानामागे रोज बोटं घालून तपासते. तिच्या आजोबांना मात्र मी त्या नळीबद्दल माफ केलेलं नाही. तो अजून सेक्रेटरी आहे. रविवारी सकाळी पिशवी घेऊन गुणवंतीची वाट बघत खाली उभा असतो, तेव्हा मी खिडकीतून बघते.

आनंदा आंबे पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवतो. त्यात वास येत नाही. मी तक्रार करत नाही. डॉक्टर अक्षदा परळहून गेली, नागपूरकडे कुठेतरी नोकरी लागली तिला. जाण्याआधी मेघनाला मांजरांसाठीच्या थेंबांचं नाव लिहून दिलं, ते दर महिन्याला मांदेलीच्या मानेवर पडतात.

मांदेली वाचली. वजन पूर्वीचं झालं नाही, आणि एका कानामागचा केस विरळ राहिला तो राहिलाच. गुणवंती आली की ती तिच्या पाटीपर्यंत जाते, वास घेते, आणि परत येते. पाटीत बसत नाही. साडेनवाला मागच्या लिफ्टच्या दारासमोर जाऊन बसते, दार उघडलं की मान उंचावते, आत कोण आहे ते बघते. मग थोडा वेळ तिथेच थांबते. मी तिला हाक मारत नाही.